वॉटसन हॉटेलची इमारत

मुंबईंत काळ्या घोड्याजवळील वॉटसन हॉटेलांत जमशेटजी टाटांस मज्जाव झाला व त्या रागानें त्यांनीं ताजमहाल हॉटेल (१९०३) उभारिलें, ही आख्यायिका सर्वतोमुखीं आहे; तीस भक्कम समकालीन पुरावा मात्र नाहीं. या इमारतीचें खरें महत्त्व तिच्या सांगाड्यांत आहे. रोलंड मेसन ऑर्डिशनें आंखलेला हा बिडाचा सांगाडा इंग्लंडांत ओतवून, सुटे भाग जहाजानें आणून, १८६७ ते १८६९ च्या सुमारास येथें जुळविला. मजल्यांचा भार भिंतींवर नव्हे, खांबांवर! ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं येथेंच दाखविलीं गेलीं. पुढें हॉटेल मोडून भाड्याच्या खोल्या व कचेऱ्या झाल्या. २००५ सालीं सज्जांचा भाग कोसळून एक मनुष्य दगावला. २०१९ सालीं भाडेकरूंस बाहेर काढावें लागलें.