दुसऱ्या शनिवारची रोकड

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या २०१८च्या दरोड्याची बातमी आम्ही उचगावकरांनी लांबची म्हणून वाचली होती. पुढे तपासात निघाले, की बनावट कार्डांनी पैसे काढलेल्या ठिकाणांत कोल्हापूरची एटीएमही होती. एकट्या कोल्हापुरातून सुमारे ८९ लाख रुपये गेले होते. तेव्हापासून मी या प्रकरणाची कात्रणे जमवतो आहे.

११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार, बँका बंद. एटीएममध्ये कार्ड सरकवले की विचारणा आधी 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य संगणकाला शिल्लक विचारतो आणि होकार किंवा नकार आणून देतो. चोरांनी मध्ये आपलाच स्विच उभा केला. तो मुख्य संगणकाकडे जातच नव्हता, येईल त्या मागणीला 'हो' म्हणत होता. तिजोरीला हात न लावता निरोप्याच बदलला म्हणा ना! २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. सोमवारी स्विफ्टच्या संदेशाने हाँगकाँगच्या एका खात्यात जवळपास १४ कोटी गेले.

यात नवे फारसे नव्हते. डिसेंबर २०१२ आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आखातातल्या दोन बँकांच्या प्रीपेड कार्डांची मर्यादा उठवून जगभरच्या एटीएममधून सुमारे साडेचार कोटी डॉलर उपसले गेले होते. ती कार्डे सांभाळणाऱ्या कंपन्यांपैकी एक भारतातली होती. तेव्हाच्या बातम्यांनुसार ती तर पुण्यातलीच. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी मे २०१३ मध्ये ही पद्धत आरोपपत्रात मांडली. २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या चोरांनी गुरुवारची रात्र गाठली, कारण तिथे शुक्रवारी सुटी. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले.

म्हणजे सुटीचा दिवस, परदेशी एटीएम, स्विफ्ट, सगळे आधीच कागदावर होते. हे कागद आपल्या बँकांपेक्षा चोरांनी नीट वाचले, असे माझे मत आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची मूलभूत सायबर सुरक्षा चौकट आली ती १९ ऑक्टोबर २०१८ला, दरोड्यानंतर दोन महिन्यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवले, पण सूत्रधार देशाबाहेरच.

शिरोलीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आमच्याकडचे कितीतरी जण आयुष्याची पुंजी सहकारी बँकांत ठेवतात. माझीही आहे. यंदा मुदतठेव नव्याने करताना शाखाधिकाऱ्यांना विचारले, "साहेब, तुमचा स्विच कोण सांभाळतं? कॉसमॉसनंतर काय बदललं?"

त्यांनी पावतीवर शिक्का मारला. म्हणाले, "कॉसमॉसचं काय झालं होतं, काका? ते सगळं व्हेंडर बघतो."