जुना नंबर

परवा भाचा दोन दिवस राहायला आला होता. जेवताना म्हणाला, "मामा, ऑफिसात आमचा प्रोग्रॅम एका सिस्टिममधून दुसरीत हलवतोय. साहेब म्हणतात, आजचा कोड तेवढा न्या, जुना इतिहास हवाय कशाला?" माझा घास हातातच राहिला.

त्याने समजावलं ते असं: प्रोग्रॅममधली कुठली ओळ कोणी, कधी आणि का बदलली, याची नोंद ही सिस्टिम ठेवते. म्हणजे आमचं शाळेचं जनरल रजिस्टरच की!

मग नेटवर बसून थोडं वाचलं. लिनक्सचं काम १९९१ साली सुरू झालं. २००२ पासून त्याच्या नोंदी बिटकीपर नावाच्या सिस्टिममध्ये होत्या. एप्रिल २००५ मध्ये तिचा फुकट वापर बंद व्हायची वेळ आली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांत स्वतःच 'गिट' लिहिलं. पण लिनक्स त्यात नेताना जुना इतिहास मागेच ठेवला. तो सुमारे ३.२ जीबी भरला असता आणि नवजात गिटला तो भार झाला असता, हे त्याने पहिल्याच नोंदीत लिहून ठेवलं. पुढे इतरांनी तो इतिहास वेगळा गिटमध्ये आणला, जोडून पाहताही येतो. तरी मुख्य दप्तरात जुन्या ओळीचा माग काढत गेलं, की १६ एप्रिल २००५ ला वाट संपते.

जीसीसी या कंपायलरच्या मंडळींनी उलट केलं. जानेवारी २०२० मध्ये ते सबव्हर्जनमधून गिटमध्ये आले, ते कित्येक वर्षांचा इतिहास बरोबर घेऊन. सबव्हर्जनमध्ये नोंदींना ओळीने नंबर असतात. गिटमध्ये अक्षरं-आकड्यांची लांबलचक खूण. मग 'अमुक नंबरची दुरुस्ती पाहा' असं कुठे लिहिलेलं असेल तर शोधायचं कसं? त्यांनी जुन्या नोंदींखाली सबव्हर्जनचा नंबरही ठेवला.

हे वाचलं आणि पोटात कालवलं. नोकरीच्या सुरुवातीला, अक्षर चांगलं म्हणून, एका शाळेचं फाटकं जनरल रजिस्टर उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. जुन्यात काही नंबर दुबार, काही गाळलेले. मी शहाणपणा करून पहिल्यापासून नवे नंबर घातले. शेऱ्याचा रकाना कोरा होता, पण त्यात जुना नंबर लिहायचं सुचलं नाही.

पुष्कळ वर्षांनी एक माजी विद्यार्थी मुलीच्या जात पडताळणीसाठी आपल्या वडिलांची नोंद शोधत आला. त्यांच्या दाखल्यावरच्या नंबरापुढे माझ्या रजिस्टरात भलत्याच मुलाचं नाव! वडिलांचं नाव सापडलं, पण दोन्ही नंबर जुळेनात. मूळ रजिस्टर वाळवीने संपवलेलं. तो काही बोलला नाही. "येतो सर," म्हणून गेला.

भाच्याला एवढंच सांगितलं, "सगळा इतिहास ने. नाहीच जमलं, तर जुनं दप्तर जपून ठेवा आणि ते कुठे आहे हे नव्याच्या पहिल्या नोंदीत लिहा. आणि जुना नंबर तेवढा विसरू नकोस रे."

असो. साहेब ऐकतात का, बघू.