चार आण्यांची रेघ: ठाणे-कल्याणच्या भातशेतीतील आणेवारी

ठाणे महानगरपालिका 1982 मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका 1983 मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वीच्या दीर्घ काळात, रेल्वेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा मुलूख महसुली दप्तराला मुख्यतः भाताचा प्रदेश म्हणून ठाऊक होता. सखल भागातील बांधबंदिस्तीची खाचरे, चढावरची नाचणी-वरीची वरकस जमीन आणि खाडीकाठी बांध घालून मिळवलेली खारजमीन अशी तिथल्या जमिनीची ढोबळ विभागणी होती. या जमिनीवरचा सारा रोख आणि ठरलेला असे, पीक मात्र पावसावर अवलंबून असे. या दोहोंतील विसंगती सांभाळण्यासाठी ब्रिटिश अमदानीत जी व्यवस्था रूढ झाली ती आणेवारी. पूर्ण रुपयाचे सोळा आणे धरून यंदाचे पीक त्यातले किती आणे, हे कापणीपूर्वी डोळ्यांनी पाहून ठरवायचे, अशी ही रीत होती. ती अर्थातच एक भाकीत होती, आणि भाकीत म्हटले की त्याच्या चुकीचे मोल कसे करायचे हा प्रश्न येतोच.

या मोलाला संख्याशास्त्रात हानिफलन म्हणतात: अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील प्रत्येक अंतराला किती नुकसान लावायचे हे सांगणारा नियम. त्याच्याकडून काही किमान अपेक्षा असतात. अंदाज तंतोतंत ठरला तर नुकसान शून्य असावे, ते कधीही ऋण नसावे, आणि त्याच दिशेने चूक वाढत गेली तर नुकसान घटता कामा नये. यापुढील निवड मात्र माणसाची असते. कार्ल फ्रीडरिश गाउसने 1820 च्या दशकात चुकीचा वर्ग हे माप स्वीकारले, ज्यात दुप्पट चुकीला चौपट दंड बसतो. पण ही निवड सोयीची आहे, निसर्गाने लादलेली नाही, हे त्याने स्वतःच मान्य केले होते. लाप्लासने त्याआधी चिन्ह सोडून निव्वळ अंतर धरले होते. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने यांपैकी काहीच निवडले नाही. त्याने नियमांत रेघा ओढल्या, आणि त्या रेघांनीच हानिफलनाचे काम केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या इलाख्यात असा नियम होता की पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब, सहा आण्यांच्या आत असेल तर निम्मा तहकूब, आणि त्यावर असेल तर वसुली पूर्ण. त्याचा परिणाम कल्याण तालुक्यातील एका काल्पनिक गावावर पाहता येतो. खरे पीक साडेतीन आणे असताना आणेवारी साडेचार लागली, तर चूक एका आण्याची, पण कुळाला निम्मा सारा भरावा लागतो. खरे पीक नऊ आणे असताना ती चौदा लागली, तर चूक पाच आण्यांची, आणि कोणाच्याही पदराला खार लागत नाही. मोठी चूक फुकट आणि लहान चूक महाग, असे हे माप होते. म्हणूनच रेघेच्या आसपासच्या गावांतच तंटे पेटत. 1918 च्या खेडा सत्याग्रहाचा मूळ वाद नेमका हाच होता: सरकारी आकडा चार आण्यांच्या वर, शेतकऱ्यांचे म्हणणे खाली. त्यापूर्वी 1896-97 च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सभा घेऊन, पीक बुडाल्यास साऱ्यात सवलत मागणे हा रयतेचा हक्क आहे, हे समजावले होते.

दुसरा दोष दिशेचा होता, आणि तो अधिक गंभीर मानावा लागतो. गाउसच्या वर्गाला चूक वरच्या अंगाची की खालच्या अंगाची याचे सोयरसुतक नसते. रयतेला मात्र असते. तहकुबी म्हणजे माफी नव्हे, सारा पुढच्या वर्षावर ढकलणे. म्हणून आणेवारी कमी लागल्यास सरकारचे नुकसान बहुतेक विलंबापुरते राही. ती जास्त लागली तर कुळाला सावकाराचे दार गाठावे लागे, आणि तेथे गेलेली जमीन सहजी परत येत नसे. असे असताना दोन्ही दिशांना समान वजन देणारे माप निष्पक्ष दिसते, पण न्याय्य नसते.

तिसरा दोष प्रामाणिकपणाशी निगडित होता. 1950 मध्ये अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर याने संभाव्यतेच्या रूपातील भाकितांसाठी असे गुणांकन मांडले की भाकीत करणाऱ्याने मनातील खरी संभाव्यता सांगणेच त्याच्या हिताचे ठरावे. आणेवारीत याच्या नेमके उलट घडे: वसुलीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला आकडा वर ठेवण्याची ओढ, रयतेला खाली ठेवण्याची, आणि मनातील खरा आकडा सांगण्यात कोणाचाच लाभ नाही. त्यात सोळा आणे म्हणजे काय हेही सर्वत्र सारखे नव्हते. काही प्रांतांत सर्वसाधारण पीक सोळा आणे धरत, काही ठिकाणी बारा.

भाताच्या मुलखात डोळ्यांची फसगत आणखी एका कारणाने होते. हळवे भात लवकर निसवते आणि गरवे उशिरा. परतीच्या पावसाने कापणीला आलेले हळवे आडवे होते, त्याच पावसावर दाणा भरणारे गरवे पोसते. एकाच शिवारात, एकाच आठवड्यात एकाचे पीक बुडते आणि दुसऱ्याचे सुधारते. पाहणी कोणत्या दिवशी झाली यावर गावाचा आकडा ठरतो.

डोळ्यांऐवजी माप वापरण्याचे श्रेय बऱ्याच अंशी दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांकडे जाते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी 1940 च्या दशकात यादृच्छिक निवडीने शेत ठरवून, त्यात आखलेल्या चौकोनातील पीक कापून, मळून, तोलण्याची पद्धत देशभर रुजवली. याच कामात सुखात्म्यांना आढळले की चौकोन फार लहान असला तर उतारा सातत्याने जास्त येतो. कापणी करणाऱ्याचा हात दोरीवर आलेले रोप आत घेण्याकडे झुकतो, आणि चौकोन जितका लहान तितका क्षेत्रफळाच्या मानाने त्याचा काठ मोठा. अशी एकाच बाजूला झुकणारी चूक नमुने वाढवूनही जात नाही, आणि चुकांच्या वर्गाची सरासरी तिची दिशा सांगत नाही. त्यासाठी अधिक-उणे चिन्हांसह बेरीज वेगळी पाहावी लागते.

दशमान नाण्यांनंतर आणेवारीची पैसेवारी झाली आणि रेघ पन्नास पैशांवर आली. पण तिचा कडा तसाच राहिला. पन्नासच्या खालचे गाव टंचाईच्या सवलतींना पात्र, वरचे नाही. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तिन्ही टप्प्यांत ओढाताण त्याच आकड्याभोवती होत राहिली. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, वनस्पतींची स्थिती आणि जमिनीतील ओलावा यांच्या निर्देशांकांकडे मोहरा वळवला, आणि त्याच वर्षी आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने भरपाईसाठी वेगळे सूत्र घेतले: उंबरठा उत्पादनापेक्षा प्रत्यक्ष उत्पादन जितके कमी, त्याच प्रमाणात विमा संरक्षित रकमेचा वाटा. येथे उत्पन्न किंचित चुकले तर भरपाईही किंचितच चुकते, आणि हा शंभर वर्षांच्या रीतीपेक्षा निश्चितच सुज्ञ नियम आहे. मात्र ते उत्पादन महसूल मंडळाच्या सरासरीवर मोजले जाते, त्यामुळे उल्हास नदीकाठी पुरात बसलेले खाचर आणि त्याच मंडळातील उंचावरचे भरलेले गरवे यांचा हिशेब अजूनही एकाच आकड्यात होतो.