दर्यावरील शिपाई

आमच्या खानदेशात समुद्र नाही. तापीमाई आमच्या शेतांवरून वाहत जाऊन सुरतेपलीकडे सागरास मिळते, एवढाच काय तो आमचा त्याच्याशी संबंध. तथापि ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली निवर्तले, त्या प्रांतातील ज्ञातिबांधवांनी मराठ्यांच्या आरमाराविषयी उदासीन राहावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

आरमार म्हटले की गुराबा आणि तोफाच डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वस्तुतः तांडेल व खलाशी यांचे काम गलबत हाकण्याचे. झुंजीचा निकाल लावीत ते त्यावर दाटीवाटीने बसलेले तरवारबहाद्दर शिपाई. वारा पडला म्हणजे शत्रूचे अवजड जहाज जागीच खिळे. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांस ओढून त्याच्या पिछाडीस नेत, कारण तेथे तोफा थोड्या. गुराबांच्या नाळेवरील तोफा डोलकाठ्या व शिडे मोडीत. आणि जहाज पांगळे झाले, की गलबतांतील शेकडो लोक चोहोंकडून एकदम वर चढत. आंग्र्यांची ही रीत इंग्रजांनीच लिहून ठेविली आहे.

१६७९ साली खांदेरीवर मायनाक भंडारी तटबंदी उभारीत असता दौलतखान गलबते घेऊन इंग्रजांशी झुंजत होता. एक भंडारी, दुसरा मुसलमान! ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. पुढे १७५६ साली विजयदुर्गास तुळाजीचे आरमार जळाले, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हे लिहिताना लेखणी अडखळते.

कान्होजींचे नाव आमच्या मुलांस पाठ असते. शत्रूच्या जहाजावर पहिली उडी घेणाऱ्याचे नाव त्यांस कोण सांगणार?