वनोपजाचे दालन आणि एक जुना अहवाल

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांपैकी अनेकांना बूढापारा हे नाव नवे असेल. रायपूर शहरात बूढा तालाबाच्या काठी वसलेला हा जुना मोहल्ला. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा येथेच आहे. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस या भागात स्थिरावला आणि १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या कारभाराखाली होता. नोकरीच्या काळात मी काही वर्षे या मोहल्ल्यात राहिलो. तेव्हाचा एक अनुभव येथे नमूद करतो.

शहरात भरणाऱ्या एका प्रदर्शनात वने, वन्यजीव आणि वनोपज यांचे दालन उभारण्याचे काम माझ्याकडे आले. राज्यपशू रानम्हैस आणि राज्यपक्षी पहाडी मैना यांची मोठी चित्रे लावली. मोहफुले, चारोळी, हिरडा, लाख अशा जिनसा टोपल्यांत मांडल्या. दालन जिवंत वाटावे म्हणून वनोपज गोळा करणाऱ्या एका बाईंना पारंपरिक वेशात पत्रावळी लावत बसवले. लोक थांबत, छायाचित्रे काढीत आणि प्रश्न मात्र मला विचारीत. मोहफुले केव्हा वेचतात, चारोळीला भाव काय मिळतो, सगळ्यांची उत्तरे मीच देत होतो. संध्याकाळी बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, भाव तर मला ठाऊक आहे. मला का कोणी विचारत नाही?”

त्या रात्री मला एका जुन्या अहवालाची आठवण झाली. मध्यप्रांताची स्थापना १८६१ साली झाली. रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना डिसेंबर १८६५ मध्ये नागपूरला आणि पुढच्याच वर्षी जबलपूरला कला, कारागिरी व उत्पादने यांची मोठी प्रदर्शने भरली. नव्या प्रांतात काय पिकते, काय विकता येईल, हे व्यापाऱ्यांना दाखवणे हा त्यामागील व्यवहार होता. रेल्वे येत होती आणि स्लीपरांसाठी साल व सागाच्या लाकडाला मागणी होती. भारतातील पहिला वन कायदाही १८६५ चाच.

जबलपूरच्या प्रदर्शनात मात्र केवळ जिनसाच नव्हत्या. तेथे आणलेल्या आदिवासींची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १८६८ साली नागपूरला छापला गेला. अहवालाच्या शीर्षकातच त्या माणसांना ‘नमुने’ म्हटले आहे. धान्याचा नमुना, लाकडाचा नमुना, तसा माणसाचाही नमुना! हा शब्द छापताना कोणाला संकोच वाटला असेल, असे शीर्षकावरून तरी दिसत नाही. त्याच सुमारास कलकत्त्यातही जिवंत माणसांचे असे प्रदर्शन भरवण्याची कल्पना मांडली गेली होती. म्हणजे हा एखाद्या अधिकाऱ्याचा लहरीपणा नव्हता. मोजणे, वर्गवारी करणे आणि मांडून ठेवणे ही त्या कारभाराची रीतच होती.

आपण त्या रीतीला नावे ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या दालनात तरी वेगळे काय होते? २००६ च्या वनाधिकार कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली आहे. कायद्याने जी मालकीण, ती माझ्या मांडणीत शोभेची वस्तू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी मांडणी बदलली. बाईंच्या पुढ्यात तराजू ठेवला, भावाची पाटी त्यांच्याच सांगण्यावरून लिहिली आणि मी मागे बसलो. पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले वेचण्यापासून ती वाळवून बाजारात नेईपर्यंतचा हिशेब त्या स्वतः सांगू लागल्या. गर्दी वाढली असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न बदलले. एका गृहस्थांनी त्यांनाच विचारले, “व्यापारी तुम्हाला पैसे केव्हा देतो?” हा प्रश्न आदल्या दिवशी मला कोणीही विचारला नव्हता.

बूढा तालाबाजवळच अनेक वर्षे शहराचे धरणे-स्थळ होते. पुढे ते नवा रायपूरकडे हलवण्यात आले. घरी जाता-येता तेथील भाषणे माझ्या कानावर पडत. प्रदर्शनात आपण ज्यांना गप्प बसवतो, त्यांना बोलण्यासाठी मग रस्त्यावर बसावे लागते. दालन उभारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने पडदा उघडण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: येथे मांडलेल्या मालाबद्दल बोलणार कोण?