श्रावणातला हिरवा कोणता?

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावी झाला. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांस 'बालकवी' ही पदवी दिली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्यूमिएर बंधूंनी 'ऑटोक्रोम' ही रंगीत छायाचित्राची काच बाजारात आणली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण एका श्रावणात धरणगावच्या शिवारात छायाचित्रे घेताना आम्हांस त्या एकदमच आठवल्या.

निमित्त साधे होते. कपाशीच्या कोवळ्या पानांचा हिरवा रंग कॅमेऱ्यात इतका भडक उमटला, की रान प्लास्टिकचे वाटावे. रंगशैली 'व्हिव्हिड'वर होती. ती 'न्यूट्रल' केली, सॅच्युरेशन एक पायरी उतरवले. भडकपणा गेला, पण पाने फिकी आणि जांभळट झाली. चौकटीतील सगळ्या रंगांची सरासरी करडी असावी, अशा अदमासाने पुष्कळदा आपोआप होणारा व्हाइट बॅलन्स चालतो. चौकटभर हिरवेच असले की तो हिरवाच कापू लागतो. अखेर सोबतच्या शेतकऱ्याचा पांढरा रुमाल त्याच ढगाळ उजेडात धरला आणि पांढरे म्हणजे काय, हे कॅमेऱ्यास सांगितले. तेव्हा कुठे रान ओळखीचे दिसले.

हे सांगणे मुळापासूनचे आहे. ऑटोक्रोमच्या काचेवर नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत बुडविलेले बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण पसरलेले असत. तिचा लेप निळ्याला फार हळवा, म्हणून भिंगापुढे पिवळट-नारिंगी गाळणी लावावी लागे. पुढे फिल्म आली. ती उन्हाची की बल्बची, हे रोल घेतानाच ठरवावे लागे. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना पेटंट मिळालेल्या जाळीत दर चार घरांपैकी दोन हिरवी आहेत, कारण उजेडातील बारकावे आपला डोळा हिरव्यात अधिक टिपतो. बहुतेक डिजिटल कॅमेरे आजही हीच जाळी वापरतात.

म्हणजे 'नैसर्गिक' रंग दर वेळी कोणीतरी ठरवीत आला आहे. कोडॅकच्या रंगजुळणीच्या कार्डांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची कांती प्रमाण ठरली आणि सावळे चेहरे अनेकदा काळवंडून छापले गेले. तिथे रुमाल कोणी धरला होता, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

आमचा रुमालही फार काळ पुरला नाही. दहा मिनिटांत ऊन पडले आणि तेच रान पिवळसर दिसू लागले. बालकवींच्या 'श्रावणमास'मध्ये ऊन आणि सर यांची अशीच अदलाबदल चालते. तिथला कोणताही एक हिरवा खरा नि बाकीचे खोटे, असे म्हणता येत नाही. आम्ही ढगातले व उन्हातले अशी दोन्ही छायाचित्रे ठेवली आहेत. मागे वेळ आणि आभाळ कसे होते ते लिहून.