दूधसागर धबधबा: रेल्वे रुळांवरून चालत जाण्यास मनाई का आहे?

पावसाळा आला की दूधसागरच्या रील्स व्हायरल होतात. काहींमध्ये पर्यटक रेल्वे रुळांवरून चालताना दिसतात. हा मात्र गुन्हा आहे.

धबधबा नेमका कुठे आहे?
गोवा-कर्नाटक सीमेजवळ, भगवान महावीर अभयारण्यात. मांडवी नदीवरचा हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळतो. कॅसलरॉक-कुळे रेल्वेमार्ग त्याच्या अगदी समोरून, पुलावरून जातो.

रुळांवर धोका काय?
घाटात वळणं आणि बोगदे आहेत. तिथे बाजूला व्हायला जागा कमी असते. पाण्याच्या आवाजात गाडीचा हॉर्न ऐकू येईलच असं नाही. उतारावरची गाडी ब्रेक लावताच जागीच थांबत नाही.

कायदा काय सांगतो?
रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये गर्दी उसळली, तेव्हा धबधबा डब्यात बसूनच पाहा, असं आवाहन रेल्वेने केलं होतं.

मग पाहायचा कसा?
पावसाळ्यात रेल्वेच्या खिडकीतून. एरवी, साधारण ऑक्टोबर ते मे या काळात, कुळ्याहून जीप मिळते. वाटेत पाण्याचे प्रवाह ओलांडावे लागतात, म्हणूनच जीप पावसाळ्यात बंद असतात. जीपमधून उतरल्यावर थोडं चालावं लागतं. प्रवेश सुरू आहे का, याची खात्री निघण्याआधीच करून घ्या.